दुखणं एकाचं, बैठक घराची

घरातला कुणी जेवेनासा झाला, रात्ररात्र जागू लागला, दारूच्या आहारी गेला किंवा शाळा सोडून कोपरा धरून बसला, की आपण त्या एकट्याला घेऊन निघतो. आधी देवाला कौल, मग झाडपाल्याचं औषध, मग दवाखाना. सोबत भाऊ किंवा मेहुणा जातो आणि बाहेर बाकावर बसून राहतो. डॉक्टर आत एकट्याला तपासतात, चिठ्ठी लिहून देतात, आणि दोघं गोळ्या घेऊन त्याच घरात परत येतात. गोळीने झोप लागते, ती लागायलाच हवी. पण ज्या घरात झोप उडाली, त्या घराला कुणी काही विचारलेलं नसतं.

हा लेख त्या विचारण्याबद्दल आहे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात बाजारकुणंगसारख्या गावांत जे शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि घरातली जाणती माणसं राहतात, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. तालुका क्षेत्रफळाने मोठा, पण २०११ च्या जनगणनेत माणसं ५० हजारांच्या आसपास. वस्त्या जंगलात विखुरलेल्या, चार घरं अलीकडे तर सहा ओढ्यापलीकडे. कुटुंबोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला माणूस इथे येऊन राहील म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच्या कामातला बराच भाग मात्र शिकता येतो आणि इथल्या ओसरीवर बसून करता येतो. उरलेल्या भागासाठी कुठे जायचं तेही पुढे लिहिलं आहे.

कुटुंबोपचाराचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाचं दुखणं त्याच्या एकट्याच्या डोक्यात नसतं. ते घरातल्या नात्यांत वाढतं, कधी नात्यांतूनच सुरू होतं, आणि बरं व्हायचं तर घराचं वागणंही थोडं बदलावं लागतं. याचा अर्थ घर दोषी आहे असा मुळीच नाही. ‘तुमच्यामुळे तो आजारी पडला’ असं आई-बापांना सुनावणं क्रूरपणाचं आहे आणि बहुतेक वेळा खोटंही. विचारायचं ते एवढंच, की हे दुखणं आल्यापासून घरात काय काय बदललं, आणि ते येण्याआधी काय बदललं होतं.

ही कल्पना परदेशातून आली असं आपण समजतो, पण आपल्याकडेही तिला जुनी मुळं आहेत. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. रुग्णाशी कसं बोलायचं, त्याला काय काम द्यायचं, कुठे गप्प बसायचं हे नातेवाईक तिथेच शिकले आणि माणसाला घेऊन घरी गेले. पुढे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबाला दाखल करून घेऊन उपचार करणारा स्वतंत्र विभाग उभा राहिला. अमेरिकेत साल्वादोर मिनुचिन या मानसोपचारतज्ज्ञाने जी पद्धत बसवली, तीही न्यूयॉर्कमधल्या गरीब घरांबरोबर काम करताना. त्या कामावरचं त्याचं पुस्तक १९६७ चं. त्या घरांतली माणसं मनाविषयी लांबलचक बोलत नसत, म्हणून तो त्यांना सांगायचा, ‘तुम्ही घरी कसे भांडता ते इथे भांडून दाखवा.’ आपल्या भागालाही हे लागू पडतं. ‘तुम्हांला आत काय वाटतं?’ असं विचारल्यावर इथली बाई पदर सावरून हसते किंवा रडते. ‘सकाळी पहिलं कोण उठतं? मग काय होतं?’ असं विचारलं, की अर्ध्या तासात सगळं घर समोर उभं राहतं.

आणखी एक गोष्ट धीर देणारी आहे. ज्याला स्किझोफ्रेनियासारखा मोठा आजार आहे, त्याला घरात सारखी टीका, तिरस्कार किंवा गुदमरवणारी काळजी सहन करावी लागली तर आजार उलटतो, हे इंग्लंडमधल्या अभ्यासांत १९७० च्या आसपास दिसून आलं. पुढे १९८७ मध्ये चंदीगढ आणि लंडन यांची तुलना प्रसिद्ध झाली. चंदीगढच्या घरांत अशी टीका बरीच कमी आढळली. आपल्या घरांत माणसाला सामावून घेण्याची ताकद आहे. शेतावर थोडं कमी काम करणारा, थोडा विचित्र बोलणारा चुलता या घरांत पिढ्यान् पिढ्या सांभाळला गेला आहे. ही ताकद गृहीत धरूनच बैठकीला बसावं.

पण घर म्हणजे नेमकं कोण, हे आधी ठरवावं लागतं, आणि इथेच बाहेरून आलेला समुपदेशक चुकतो. तो रेशनकार्ड बघतो आणि त्यावरची माणसं मोजतो. खरं घर त्या कागदावर मावत नाही. थोरला मुलगा गोव्यात कामाला, महिन्यातून एकदा येतो. त्याची बायको सासरी, मुलं शाळेसाठी मावशीकडे. धाकट्याने चूल वेगळी केली, पण भात एकाच खळ्यावर मळला जातो. जमीन अजून आजोबांच्या नावावर. आणि या पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असल्यामुळे सून ही सासूची भाचीही असू शकते. नवरा-बायकोचं भांडण मग बहीण-भावाच्या भांडणात शिरतं. सून माहेरी निघून गेली तर सासू कुणावर रागावणार? स्वतःच्या भावाच्या घरावरच. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिलं तेव्हा या विवाहरीतींची सविस्तर मांडणी केली होती. कुटुंबाशी काम करणाऱ्याने आजही तो धागा आधी तपासावा.

म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. तीन पिढ्यांची वंशावळ काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, मुलांची उभी. गेलेल्या माणसावर फुली. हा नकाशा जगभरचे कुटुंबोपचारक वापरतात. आपण त्यात आपल्या तीन खुणा घालाव्यात. कोण कुठे कामाला आहे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, आणि घर मूळ कुठलं. ही तिसरी खूण जोयड्यात फार बोलते. काळी नदीवरच्या धरणात सुपा हे तालुक्याचं जुनं ठाणंच बुडालं, आजूबाजूची गावं गेली, माणसं रामनगरला आणि इतरत्र वसवली गेली. आज तिशीत असलेल्या मुलाने ते गाव पाहिलेलंही नसतं. पण आजी कुठल्याही स्थलांतराचा विषय निघाला की उठून आत का जाते, हे वंशावळ काढताना कळतं. कागद मधे ठेवा आणि सगळ्यांना बोट ठेवू द्या. घरातल्या पोरांना यात गोडी वाटते, आणि म्हातारी माणसं एरवी न सांगितलेलं सांगतात.

आता बैठक. ती भातलावणीत किंवा कापणीत ठेवू नका, कुणी मनाने येणार नाही. चवथीला गोव्यातली माणसं घरी येतात. गणपती पोचवल्यानंतर ती परत जाण्याआधीचा एखादा दिवस सगळ्यांत चांगला. सकाळची वेळ धरा, संध्याकाळी पिणारा माणूस भानावर नसतो. घरातल्या ज्येष्ठाला आदल्या दिवशी भेटून परवानगी घ्या, आणि ‘तुमच्याशिवाय हे होणार नाही’ हे मनापासून सांगा. अनेक जातींत बुधवंत किंवा गावकर यांचा शब्द चालतो. त्यांना कळवावं की नाही हे घराला विचारा, स्वतः ठरवू नका. ज्येष्ठाचा मान राखला की तरुणांना बोलायला मोकळीक मिळते, हे परदेशी पुस्तकांत सहसा वाचायला मिळत नाही. तिथे बहुतेकदा सगळे समान पातळीवर बसतात असं गृहीत धरलेलं असतं. इथे सासऱ्यासमोर सून दाराआड उभी राहते. तिला ओढून पुढे बसवण्याचा हट्ट धरू नका. तुम्हीच अशा जागी बसा, की दाराआडचं माणूस तुम्हांला दिसेल आणि त्याचं बोलणं ऐकू येईल.

सुरुवात दुखण्यापासून करू नका. पाऊस, रानडुकरांनी केलेली नासाडी, कंदमुळांचं पीक, पोरांची शाळा. जोयड्यात कुणबी समाजाचा कंदमुळांचा मेळा भरतो, त्यात यंदा काय नेलं हे विचारलं तरी घरातल्या बाईच्या तोंडावर तेज येतं, कारण ते ज्ञान तिचं असतं. मग हळूहळू विषयावर या. आणि प्रश्न असा विचारा, की तो तिसऱ्याला विचारलेला असेल. ‘आजोबा जेवत नाहीत तेव्हा सगळ्यांत जास्त काळजी कोण करतं?’ हे आजोबांना विचारू नका, नातीला विचारा. ‘आई आणि दादा भांडतात तेव्हा बाबा काय करतात?’ हे धाकट्याला विचारा. इटलीतल्या मिलान शहरात चार मानसोपचारतज्ज्ञांनी ही विचारण्याची पद्धत बसवली, आणि आपल्या घरांना ती फार मानवते. स्वतःबद्दल बोलायला संकोचणारी माणसं दुसऱ्याबद्दल अचूक बोलतात. ज्याच्याबद्दल बोललं जातं तो ऐकत असतो, आणि कित्येकदा आपल्याकडे घरातलं कुणी इतकं बघत होतं हे त्याला पहिल्यांदाच कळतं.

एक घर धरू. हे घर रचलेलं आहे, पण याचे तुकडे या पट्ट्यात ठिकठिकाणी सापडतील.

साठीचा बाप सहा महिन्यांपासून नीट जेवत नाही. रात्री उठून अंगणात बसतो, कधी न सांगता रानात निघून जातो. घरचे म्हणतात, ‘म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.’ थोरला मुलगा गोव्यात कारखान्यात, धाकटा घरी. आई सगळ्यांच्या पुढे-मागे. घर व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात आहे, आणि तिथून उठणाऱ्या कुटुंबांना सरकार पुनर्वसनाचं पॅकेज देतं. आधी ते कुटुंबामागे १० लाख रुपये होतं, २०२१ मध्ये १५ लाख झालं. त्यात १८ वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो. म्हणजे पॅकेजचा कागद घरात आला त्या दिवशी एका घराची तीन घरं झाली. थोरल्याला जायचं आहे, त्याच्या मुलांना शाळा हवी, रस्ता हवा, दवाखाना हवा. त्याचं चुकत नाही. धाकटा कधी इकडे, कधी तिकडे. बाप काही बोलत नाही. तो फक्त आजारी पडला.

बैठकीत नातीला विचारलं, ‘आजोबांना बरं नसतं तेव्हा घरात काय होतं?’ ती म्हणते, ‘बाबा गोव्याहून येतात. कुणी पॅकेजचं बोलत नाही.’

हे वाक्य ऐकल्यावर घाई करू नका. ‘बघा, म्हणजे बाप ढोंग करतोय’ असा अर्थ काढणारा कुणीतरी बैठकीत असतोच. त्याला तिथेच थांबवा. बापाचं न जेवणं खरं आहे, त्याचं वजन उतरलं आहे, त्याला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. थायरॉईड, साखर, रक्त, सगळं तपासायला हवं, आणि उदासीनतेचा आजार असेल तर गोळ्याही हव्यात. पण त्याच्या आजाराने घराला निर्णयापासून थोडी उसंतही मिळाली आहे. हे कुणी ठरवून केलेलं नाही. जे भांडण घराला पेलणार नव्हतं, ते बापाच्या अंगावर आलं. बैठकीत मांडायचं ते असं: ‘घराचे तुकडे होऊ नयेत ही चिंता सगळ्यांची आहे. आजवर ती एकट्या बाबांनी वाहिली. आता ती थोडी-थोडी वाटून घेऊ.’ यात कुणावर दोष जात नाही, आणि बोलायचा विषय जेवणावरून जमिनीवर येतो. तो मुळात तिथलाच होता.

त्यानंतरचं काम साधं पण चिकाटीचं. पॅकेजचा निर्णय त्या दिवशी करायचा नाही असं आधीच ठरवा. फक्त प्रत्येकाने काय गमवावं लागेल ते सांगायचं. बाप देवराईचं आणि आईबापांना जिथे अग्नी दिला त्या जागेचं बोलेल. थोरला मुलांच्या शाळेचं बोलेल. सुनेला विचारायला विसरू नका, कारण नवीन जागी पाणी किती लांबून आणावं लागेल हे फक्त तिने मोजलेलं असतं. ऐकून घेतलं गेलं की माणूस निम्मा हलका होतो. निर्णय कोणताही होवो, बापाला तो आपल्याला वगळून झाला असं वाटता कामा नये.

सरकारी योजना घरातल्या नात्यांत कशी शिरते याचं आणखी एक उदाहरण कर्नाटकातल्या घरोघरी आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू झाली. रेशनकार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख, तिच्या खात्यात महिन्याला २००० रुपये. बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला, ही फार मोठी गोष्ट झाली. पण सासू प्रमुख की सून, हा प्रश्न ज्या घरांत कधी उच्चारला गेला नव्हता तिथे तो आला. तुम्ही सासू-सुनेची कुरबुर सोडवायला बसला असाल, तर ‘दोघींनी समजून घ्या’ असं म्हणण्याआधी पैसा कुणाच्या खात्यात येतो, काढून कोण आणतं, खर्च कशावर होतो हे विचारा. पुष्कळदा स्वभावाचं म्हणून सांगितलेलं भांडण हिशेबाचं निघतं, आणि हिशेब स्वभावापेक्षा लवकर सुटतो.

दारूबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण या भागात कुटुंब घेऊन बसायची वेळ बहुतेक तिच्यामुळेच येते. पिणाऱ्याला पकडून आणून त्याच्याकडून देवासमोर शपथ घेववणं हा आपला नेहमीचा मार्ग. शपथ काही दिवस टिकते, मोडली की तो आणखी लाजतो आणि आणखी पितो. १९८६ मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून तिथे घरच्यांनाही कामात धरलेलं आहे. रुग्णांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेने गावपातळीच्या साध्या, प्रशिक्षित माणसांकडून दारूवरचं समुपदेशन करून घेतलं आणि ते परिणामकारक ठरतं हे शास्त्रशुद्ध अभ्यासाने दाखवलं. पिणाऱ्याच्या नातेवाइकांना आधार देण्याचंही काम तिथे झालं आहे. यातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट अशी, की पिणारा तयार नसला तरी घराशी काम सुरू करता येतं. बायकोला विचारा, तो पिऊन आल्यावर ती काय करते? त्याची उलटी पुसते, मुकादमाला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करते, दुकानदाराची उधारी फेडते. हे सगळं ती प्रेमाने आणि अब्रूच्या भीतीने करते. त्यातली एकच गोष्ट थांबवायला तिला मदत करा, आणि ती कोणती हे तिलाच ठरवू द्या. बहुतेक बायका खोटा फोन आधी बंद करतात.

मात्र वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात थरथरतात, झटके येतात, माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

काही वेळा घराची बैठक घ्यायचीच नसते. जिथे मारहाण आहे तिथे नवरा-बायकोला एकत्र बसवून ‘दोघांनी आपापली चूक सांगा’ म्हणणं धोक्याचं आहे. ती खरं बोलली तर रात्री मार खाते, आणि खोटं बोलली तर तुमची बैठक त्या माराला मान्यता देते. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथल्या कामाचा पाया हाच आहे: आधी बाईची सुरक्षितता, मग तिला हवं असेल तर समेट. आपणही तेच करावं. तिला एकटीला भेटा, अंगणवाडीत, दवाखान्यात, जिथे तिचं येणं कुणाला खटकणार नाही तिथे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षण मागता येतं. तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयातून संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता मिळतो. १८१ हा महिलांचा क्रमांक, तातडीला ११२. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८.

जीव द्यायच्या गोष्टी कुणी बोलत असेल, किंवा नुसता अंदाज येत असेल, तर सरळ विचारा: ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याच दिवशी घरातलं तणनाशक आणि कीटकनाशक उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. माणसाला एकटं सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं ठरवलं आहे. पोलिसांच्या भीतीने त्याला दवाखान्यात नेणं टाळू नका.

देवाबद्दल आणि भगताबद्दल. घराने कौल लावला असेल तर त्यावर हसू नका. ‘देवाने काय सांगितलं?’ हे विचारा. उत्तरात घराला काय खुपतंय ते बहुतेक वेळा सापडतं: कुणाचा नवस राहिला, कुणाचं श्राद्ध नीट झालं नाही, कुणाला वाटणीत कमी मिळालं. नवस फेडावा, गोळीही घ्यावी, दोघांचं भांडण लावायची गरज नाही. पण चटके, मार, उपाशी कोंडणं, गोळ्या बंद करायला लावणं हे कुणाच्याही नावाने चालणार नाही. अघोरी प्रथांविरुद्ध कर्नाटकाचा २०१७ चा कायदा आहे.

भाषेची काळजी घ्या. घरात कोंकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड, डॉक्टर कन्नड-इंग्रजीतून बोलणार. आईचं म्हणणं डॉक्टरांना मुलाने सांगायचं असं ठरतं, आणि आईची तक्रार नेमकी मुलाबद्दल असते. भांडणात ज्याचा हात आहे त्याला दुभाषा करू नका. लहान मुलाला तर कधीच करू नका. आशाताई किंवा शेजारीण बरी. आणि आपल्या बायका मनाचं दुखणं अंगाच्या बोलीत सांगतात: डोकं जड होतं, छातीत धडधडतं, काळीज बसतं. ते तसंच डॉक्टरांपर्यंत पोचवा, स्वतः त्याला आजाराचं नाव देऊ नका.

छोट्या गावात गुप्तता पाळणं सगळ्यांत अवघड. आशाताई त्याच घरची नात्याने भाची असते. असं असेल तर ते उघड सांगून शेजारच्या गावच्या ताईला बोलवा. ओसरीवर ऐकलेलं पाणवठ्यावर गेलं तर पुन्हा कुठलंही घर दार उघडणार नाही.

आता कुठे जायचं ते. पहिला फोन १४४१६, टेलि-मानस. ही सरकारी, फुकट, चोवीस तासांची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथे कन्नड, मराठीसह अनेक भाषांत बोलता येतं. जिथे घरात रेंज नाही तिथे आधी टेकाडावर, रस्त्यावर, रेंज मिळेल तिथे जाऊन लावा, पण तिथे इतर कुणी ऐकत नाही ना बघा. कर्नाटकात तालुका रुग्णालयात ठरावीक मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची मनोचैतन्य योजना आहे. जोयड्याला कोणता मंगळवार ते आधी विचारून निघा. कारवारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मोठ्या आजारासाठी दांडेली-हल्याळ मार्गे धारवाडचं डिमहान्स, मानसिक आरोग्याची जुनी सरकारी संस्था. गोव्याकडे नातेवाईक असतील तर बांबोळीचं सरकारी मानसोपचार रुग्णालयही आहे. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमधून बायकांना राज्याच्या हद्दीत तिकीट लागत नाही. त्यामुळे ‘खर्च होतो म्हणून बायकोला नेलं नाही’ हे कारण आता उरलेलं नाही. आधारकार्ड तेवढं सोबत ठेवा.

आणि पुढच्या वेळी घरातल्या कुणाला घेऊन निघाल, तेव्हा बरोबरच्या माणसाला बाहेर बाकावर बसवू नका. रुग्णाची हरकत नसेल तर आतून बोलावणं यायची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, ‘आम्ही घरचे आहोत, आम्हांलाही विचारा.’ जमलं तर दोघांऐवजी तिघांनी जा, आणि तिसरी बाई असू द्या.